मुकी कार्डं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही—आणि ज्याला पहिल्यांदा सांगायला हवं होतं तो आता ऐकायला राहिलेला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून जमेल असं वाटतंय. जमेल का? बघू. तसा मी बोलण्यात कच्चा नाही. सांगलीत, साताऱ्यात, कराडला मी तास-तासभर भाषणं ठोकलेली आहेत आणि लोकांनी ती ऐकलेली आहेत. पण या एका गोष्टीपाशी आलो की माझी जीभ जड होते आणि मी भलतंच काही सांगत सुटतो. तसा सुटलो तर मला सोडू नका. दाव्याला धरून परत आणा.

सत्तरीचं दशक होतं. सांगलीत दुसऱ्यांची कामं करून देणारं आमचं सेंटर, त्यात एकच कॉम्प्युटर, खोली भरून. खोली गार ठेवावी लागायची. दाराशी चपला काढायच्या, आणि आत शिरताना माणसं आपोआप आवाज खाली करायची. एका कारखान्याच्या म्हाताऱ्या संचालकांनी मशीनला हात जोडले होते. बाकीचे हसले, मी हसलो नाही—कारण मशीनला जोडून झाल्यावर त्यांनी मलाही जोडले. माझं वय काय, त्यांचं वय काय! पण मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. माझा सगळा रोग त्या नमस्कारात आहे.

काम साखर कारखान्यांचं होतं. आमच्या भागात ऊस कुणाचा आधी तोडायचा यावरून भाऊबंदकीपेक्षा मोठी भांडणं व्हायची. सगळ्यांचा ऊस एकदम उभा, आणि कारखान्याचं तोंड एक. मग ज्याचा पाहुणा, म्हणजे सोयरा, संचालक, त्याच्या रानात तोडणीची टोळी आधी. सातारकडच्या एका कारखान्याच्या चेअरमननी ठरवलं की हे बंद करायचं. पाळी आता मशीन लावणार. कुणाचं रान, कोणता ऊस, लागण म्हणजे लावणी कधीची—सगळं कार्डांवर भोकं पाडून घालायचं, कार्डं सांगलीला आणायची, आणि मशीन जो क्रम छापेल तो तसाच गेटवर चिकटवायचा. त्याला कुणी पेन लावायचं नाही. चेअरमननी भर सभेत शब्द दिला होता: एका नावाची जरी खाडाखोड दिसली तरी वशिला झाला समजा आणि मला जाब विचारा.

सांगलीकडच्या कारखान्यासाठी असं काम मी आधीच केलेलं होतं. त्यातला जो भाग दोन्हीकडं लागणार होता—लागणीच्या तारखेवरून उसाचं वय काढायचं, वयाप्रमाणं क्रम लावायचा—त्याचं मी एक सामायिक पॅकेज तयार केलं. सातारकडचा माणूस आपला प्रोग्राम आपण लिहिणार आणि मधे माझं पॅकेज जोडणार, असं ठरलं. सातारकडचा माणूस म्हणजे मधू. मधुकर कांबळे.

मधू माझा मित्र. मित्र म्हणू का? म्हणतो—त्यानं तरी तो शब्द शेवटपर्यंत मागं घेतला नाही. तो रहिमतपूरचा, वडील लष्करात हवालदार होते. आम्ही सांगलीच्या कॉलेजात एका बाकावर, आणि कॉम्प्युटरच्या शिक्षणाला पुण्यात एका खोलीत. त्याच्या आईच्या हातचा खर्डा आणि पावट्याची आमटी मी इतक्या वेळा ओरपली आहे की ती माउली मला बघितल्याबरोबर चुलीवर तवा टाकायची. आमच्या घरी मात्र मधू आला की माझी आई त्याला ओसरीवर चहा द्यायची आणि कप नंतर वेगळा ठेवायची. मला दिसायचं. त्यालाही दिसायचं. मी आईला कधी काही बोललो नाही. हेही सांगून टाकतो, पण मला सांगायचंय ते हे नाही.

मधू माझ्यापेक्षा हुशार होता. पुण्यात एकदा माझा प्रोग्राम काही केल्या चालेना, मी दोन दिवस डोकं आपटत होतो, आणि ह्यानं येता-येता कागदावर नजर टाकली आणि सगळ्यांसमोर हसत बोट ठेवलं. चूक तिथंच होती. तो वाईट हसला नव्हता हो. तो असाच हसायचा, खळखळून, स्वतःच्या चुकीवर तर जास्तच. पण मला ते हसू झोंबलं, आणि झोंबलेलं मी मनात जपून ठेवलं.

आता थोडं कार्डांचं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रोग्राम आम्ही माणसाला वाचता येईल असा लिहायचो. वयाला वय, लागणीला लागण अशी नावं द्यायचो आणि मधे-मधे शेऱ्याची कार्डं घालायचो, म्हणजे पुढच्या माणसाला समजावं की इथं काय चाललंय. शेऱ्याचं कार्ड मशीन वाचत नाही, ते फक्त माणसासाठी. ही झाली मूळ कार्डं. ती मशीनला दिली की मशीन स्वतःच्या भाषेतला दुसरा गठ्ठा पाडून देतं. त्यात नावं नाहीत, शेरे नाहीत, नुसती भोकं. काम त्यानंही तेच होतं, पण चूक झाली तर ब्रह्मदेव आला तरी सापडायची नाही. मशीन थांबणार आणि पॅनेलवर एक आकडा दाखवणार, बस.

मधूचं म्हणणं असं की पॅकेज दुसऱ्याला द्यायचं तर मूळ कार्डांसकट द्यायचं. आणि नुसतं तेवढंही नाही. पॅकेज चालत असताना त्याला काही वावगं दिसलं—उसाचं वय अशक्य निघालं, तारीख उलटी आली—तर त्यानं छापील कागदाच्या डाव्या समासात एक तारा काढावा, कार्डाचा नंबर द्यावा आणि काढलेलं वय शेजारी छापावं. म्हणजे बघणाऱ्याला बरोबर कळेल की घसरलं ते इथं. सेंटरबाहेरच्या टपरीवर बशीत चहा ओतत त्यानं मला हे सांगितलं.

“पॅकेज मुकं नसावं गड्या. ठेच कुठं लागली ते त्यानं सांगाय पायजे. का तू जलमभर माझ्या उशाला बसणार हायस?”

मला पटलं. मी ते केलंही! तारे घातले, शेऱ्याची कार्डं घातली, एकदा चालवून पाहिलं. झकास चाललं. आणि मग मधूला गठ्ठा द्यायच्या आधी मी ते तारे काढून टाकले. शेरे काढले. मूळ कार्डं माझ्या कपाटात ठेवली आणि त्याला नुसती भोकांची कार्डं दिली. त्याला सांगितलं, मशीनची जागा अपुरी पडते रे, छपाईचा भाग बसत नाही, आणि मूळ कार्डं सेंटरच्या बाहेर द्यायची नाहीत असा नियम आहे.

जागा पुरत होती. आणि नियम? नियम मीच त्या आठवड्यात केला होता.

का केलं? सांगतो. सातारकडून काही अडलं की मला न्यायला जीप यायची. त्या कारखान्याची, हिरवी, पुढं पाटी लावलेली. आमच्या गल्लीत ती उभी राहिली की बायका दारात यायच्या. तिकडं गेल्यावर चेअरमन आपल्या शेजारची खुर्ची ओढून द्यायचे. आमचं मोहित्यांचं घर, चेअरमन लांबून का होईना पाहुण्यातले, तरी तोवर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. मूळ कार्डं मधूकडं गेली असती तर मधूनं सगळं घरच्या घरी दुरुस्त केलं असतं. मग जीप कशाला आली असती? एवढंच कारण. यापेक्षा मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं, पण नाही.

तरी एवढाच गुन्हा असता तर मी आज तोंड उघडलं नसतं. ज्ञान झाकून ठेवणारे आपल्याकडं पैशाला पासरी आहेत, त्यात एक मी. पुढचं ऐका.

खोडवा तुम्हाला माहीत असेल. ऊस तोडला की त्याच बुडख्याला पुन्हा फुटवा येतो, तो खोडवा. सांगलीकडं आमच्या कारखान्यात पद्धत अशी होती की खोडव्याची तारीख म्हणजे मागच्या तोडीची तारीख. म्हणजे खोडवा वर्षाच्या आतलाच दिसायचा. सातारकडं पद्धत निराळी. तिथं पहिल्या लागणीचीच तारीख पुढं चालवायचे आणि शेजारी फक्त खोडव्याची खूण करायचे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मधूला हा फरक दिसला आणि त्यानं तो मला त्याच टपरीवर सांगितला. म्हणाला, पॅकेजमध्ये तेवढी खूण बघून वय निराळं काढ, नाहीतर आमचा कोवळा खोडवा म्हातारा ठरंल आणि सगळ्यांच्या आधी तोडीला जाईल. मी मान डोलवली. पुढच्या खेपेला त्यानं परत विचारलं, खोडव्याचं घातलंस का?

मी म्हणालो, घातलंय रे.

घातलं नव्हतं. विसरलो होतो. त्याच्यासमोर विसरलो असं म्हणायला लाज वाटली. मनात म्हटलं, संध्याकाळी घालून टाकू, दोन-चार कार्डांचं तर काम. आणि संध्याकाळी पुन्हा विसरलो. माणूस खोटं बोलतो आणि ते खरं करायचं राहूनच जातं, असं तुमचं कधी झालंय? माझं झालं.

हंगामाच्या तोंडाला मधू पत्र्याच्या ट्रंकेत कार्डं घेऊन यष्टीनं सांगलीला आला आणि आम्ही क्रम छापला. त्यात वय छापलं जात नव्हतं, फक्त गाव, रान आणि पाळी. मधूनं कागद हातात घेतला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. म्हणाला, खोडवा पुढं आलाय असं वाटतंय, बघ की जरा. त्या वेळी मशीनवर दुसऱ्यांचं काम लागलं होतं, मी घाईत होतो. आणि त्याचा तो आवाज—तोच पुण्यातला, बोट ठेवायच्या आधीचा. मी फटकारलं, पॅकेज बरोबर आहे, आधी तुझी कार्डं तपास.

तारे असते तर पहिल्याच पानावर समास ताऱ्यांनी भरून गेला असता. प्रत्येक खोडव्यापाशी तारा, आणि शेजारी तीन-तीन वर्षांचं वय. शाळेतल्या पोराला कळलं असतं.

मधूनं परत जाऊन कार्डांना भोकं पाडणाऱ्या पंचिंगच्या मुलींना घेऊन झाडून सगळी कार्डं तपासली. चूक नव्हती ती सापडणार कुठून? आणि माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यानं तो क्रम गेटवर लावला. शेतकी अधिकारी कुरकुरला म्हणे, की पावसाळ्यात लावलेला आडसाली ऊस दीड वर्षाचा होऊन उभा आहे आणि टोळ्या कोवळ्या खोडव्यात कशा? पण हातानं बदलायचं कुणी? पेन लावायचं नाही असा चेअरमनचा शब्द. शिवाय मशीननं काढलंय म्हणजे त्यात काहीतरी हिशेब असणार, असं जो तो दुसऱ्याला सांगत राहिला. पूर्वी असतं तर एखाद्या गटाच्या शेतकी मदतनिसानं गपचूप दोन नावं वर-खाली करून निभावून नेलं असतं. पण वशिला नको म्हणून लोकांनी स्वतःचे हात बांधून घेतले होते.

खोडवा हिरवा असतानाच तुटला. आडसालीला तुरे आले, कांडी पोकळ पडायला लागली, आणि साखरेचा उतारा, म्हणजे टनामागं निघणारी साखर, घसरला. मग गेटवर लोक जमले, आणि कुणीतरी बघितलं की पहिल्या पाळीत रहिमतपूर भागातला खोडवा बराच आहे. मग काय! कांबळेनं आपल्या वळखीच्या लोकांचा ऊस पुढं घातला. कांबळेनं कार्डं फिरवली. कांबळेला कुणीतरी गाठलं. वशिला मोडायला जो माणूस आणला, त्याच्यावरच वशिल्याचा आळ आला. मधूला चुकीबद्दल काही वाटलं नसतं, चुकीवर तो हसला असता. पण त्याच्या सचोटीला कुणी हात घातलेला त्याला सोसायचा नाही. त्याचे वडील सैन्यातून काय घेऊन आले असतील तर तेवढं घेऊन आले होते.

चेअरमननी खुलासा करायला मला बोलावणं धाडलं. बोलावणं आलं त्या दुपारी मी कपाट उघडलं, मूळ कार्डांबरोबर ठेवलेला प्रोग्रामचा छापील कागद मशीनच्या खोलीत फरशीवर पसरला आणि बोट फिरवत गेलो. वेळ लागला नाही. मूळ प्रोग्राम समोर असला की वेळ लागतच नाही, मधू हेच तर म्हणत होता. वय काढायच्या ओळीशी पोचलो. तिथं खोडव्याची खूण बघायला हवी होती. तिथं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीप आली. तीच हिरवी. तो कागद घडी करून मी बॅगेत घातला होता. म्हणजे बघा, घरातून निघताना मी तो बरोबर घेतला होता. सांगलीहून निघालो तेव्हा मी ठरवलं होतं की सांगून टाकायचं. इस्लामपूर येईपर्यंत वाक्यही जुळवलं: चूक आमच्याकडची आहे, कांबळेंची नाही. कराडच्या पुलावर वाटलं, नुसतं चूक म्हणू, कुणाची ते नको. उंब्रजला ड्रायव्हरनं चहा पाजला आणि म्हणाला, आवं साहेब, तुमी हाय म्हणून बरं हाय, न्हाईतर आमाला त्या मशीनचं काय कळतंय? पुढचा सगळा रस्ता मी बॅग मांडीवर घेऊन बसलो. वाक्य पुन्हा जुळवायचा प्रयत्न केला नाही.

मीटिंगची खोली तुडुंब भरलेली. चेअरमननी मला शेजारची खुर्ची दिली. मधू समोर उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि खुर्च्या होत्या. त्यानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. मी आलो म्हणजे आता उलगडा होणार, असं त्याला वाटलं. हे मला विसरता येत नाही. बाकीचं मी विसरू शकलो असतो कदाचित, हे नाही.

चेअरमननी सरळ विचारलं, “मोहिते, चूक तुमच्या पॅकेजात हाय का आमच्या माणसात?”

मी म्हणालो, हेच पॅकेज सांगलीकडं चालतं, तिकडं एकही तक्रार नाही.

खरं होतं ते. अक्षर न् अक्षर खरं. खोटं बोलायला खोटं बोलावंच लागतं असं कुठाय? मधूनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा चेअरमनकडं, आणि शांतपणे सांगितलं की खोडव्याची नोंद आमच्याकडं निराळी असते हे मी मोहित्यांना आधीच सांगितलं होतं, दोनदा सांगितलं होतं. सगळे माझ्याकडं वळले.

“मला आठवत नाही,” मी म्हणालो.

हा तो कबुलीजबाब. इतका वेळ मी याच्याभोवती फिरत होतो. मला आठवत होतं. टपरी आठवत होती, बशीतला चहा आठवत होता, घातलंय रे म्हणालो तो माझा आवाजही आठवत होता.

मधू म्हणाला, “मूळ कार्डं दाखवा म्हणावं. सगळ्यांच्या म्होरं वाचू. माझी चूक निघाली तर मी आत्ता राजीनामा देतो.”

मूळ प्रोग्रामचा कागद माझ्या पायाशी बॅगेत होता. पायाला बॅग लागत होती. मी सांगितलं की मूळ कार्डं सेंटरबाहेर दाखवायची नाहीत, नियम आहे. चेअरमननी मान हलवली. नियम म्हणजे नियम.

आणि अजून एक, हे तर मी स्वतःशीसुद्धा नीट बोललेलो नाही. त्या खोलीत कुणी जातीचा शब्द काढला नाही. गरजच नव्हती. एकीकडं मोहिते, चेअरमनच्या शेजारच्या खुर्चीत. दुसरीकडं कांबळे, उभा. कुणाचं खरं धरायचं हे ठरवायला तिथं पुरावा लागणार नव्हता, आणि मला ते बोलायच्या आधीपासून ठाऊक होतं. मी त्याच्यावर टेकूनच बोललो. बाहेर व्हरांड्यात एक संचालक दुसऱ्याला म्हणाला, तरी आमी म्हणत हुतो. काय म्हणत होते ते दुसऱ्यानं विचारलं नाही. मी शेजारून गेलो आणि मीही विचारलं नाही. आईला नव्हतो बोललो, तसंच.

मधूला कॉम्प्युटरच्या कामावरून काढलं आणि उसाच्या यार्डात गाड्या लावायला घातलं. थोडे दिवस तो गेला. मग यार्डात कुणी काही बोललं असावं, त्यानं नोकरी सोडली. रहिमतपूरचं घरही बंद केलं, आईला घेऊन पाटणला गेला आणि तिथल्या शाळेत गणित शिकवायला लागला. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. मी पत्र टाकलं नाही. काय लिहिणार होतो?

मी काय केलं ते सांगतो. पुढच्या हंगामाच्या आधी मी पॅकेजमध्ये खोडव्याची खूण घातली. तारे परत घातले. शेऱ्याची कार्डं घातली, मूळ कार्डांचा गठ्ठा बांधला आणि सातारकडं पाठवून दिला. बरोबर दोन ओळींची चिठ्ठी, सोयीसाठी थोडे बदल केले आहेत. कुणी काही विचारलं नाही. नियमाचं काय झालं, असंही कुणी विचारलं नाही! मग ते पॅकेज आणखी कारखान्यांनी नेलं. पुण्याकडं गेलं, नगरकडं गेलं. लोक म्हणायचे, मोहित्यांचं पॅकेज सुरेख, कुठं अडलं तर आपलं आपल्याला सापडतं. समासातल्या ताऱ्याला तर माझंच नाव पडलं—कुठं मोहित्याचा तारा आलाय का बघा रे, असं पंचिंगच्या मुलीसुद्धा म्हणायला लागल्या. गठ्ठ्याच्या सुरुवातीला शेऱ्याचं एक कार्ड असायचं, ज्यानं लिहिलं त्याच्या नावाचं. तिथं दुसरं एक कार्ड मधूच्या नावाचं घालता आलं असतं. मशीनला काही फरक पडला नसता. नाही घातलं.

नंतर नव्या पोरांना शिकवायला मला बोलवू लागले. सांगलीत एका वर्गात मी खडू हातात घेऊन म्हणालो, पॅकेज मुकं नसावं, ठेच कुठं लागली ते त्यानं सांगायला हवं. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. एकानं तर टाळी वाजवली. मी थांबलो नाही. पुढच्या वर्गात तेच वाक्य परत घेतलं, कारण ते चांगलं बसत होतं.

आता शेवटचं. दशक संपता संपता मला कोयनानगरला धरणाच्या लोकांपुढं बोलायला बोलावलं होतं. परत येताना पाटणच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. उभा होतो, तर मागून खांद्यावर थाप पडली. मधू. केस थोडे गेलेले, बाहीला खडू लागलेला, हातात भाजीची पिशवी. मी एक पाऊल मागं सरलो. त्यानं मात्र माझ्या पोटावर बोट टोचलं आणि म्हणाला, सांगलीचं पाणी मानवलंय तुला. मग जबरदस्तीनं चहा पाजला. पोरगी झाली ते सांगितलं, आईचे गुडघे दुखतात ते सांगितलं, शाळेतल्या हेडमास्तरची नक्कल करून दाखवली, आणि मी हसलोसुद्धा. त्या मीटिंगचं त्यानं नाव काढलं नाही. मी वाट बघत होतो, की काढेल, आता काढेल. मनातल्या मनात मी इस्लामपूरजवळचं ते वाक्य शोधत होतो.

गाडी लागली. त्यानं माझी बॅग उचलून हातात दिली आणि अगदी सहज, जणू आदल्या आठवड्यातलीच गोष्ट असावी तसं विचारलं,

“खोडव्याचं घातलंस का रं शेवटी?”

तिथं चेअरमन नव्हता. खुर्ची नव्हती, जीप नव्हती, माझी नोकरी, माझं नाव, काही म्हणजे काही धोक्यात नव्हतं. आजूबाजूला डोंगरातून बाजाराला आलेली माणसं, त्यांना आमच्याशी देणंघेणं नाही. घातलं, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्याला तेवढंच ऐकायचं होतं. आळ पुसायला नाही, नोकरी परत मिळवायला नाही. आपलं बरोबर होतं, आणि मला ते माहीत आहे—एवढंच.

“कुठलं खोडव्याचं?” मी म्हणालो.

मधूनं माझ्याकडं बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, मी शोधला. मग त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“काय न्हाई,” म्हणाला. “चढ, जागा जाईल.”

मी चढलो. खिडकीची जागा मिळाली.